कुंडलिकेचें पाणी व त्याची पाळी

१. ताम्हिणी घाटाच्या परिसरांत उगम पावून भिरा, कोलाड व रोहें या स्थळांवरून वाहत जाऊन रेवदंड्यापाशीं पश्चिम समुद्रास मिळणारी कुंडलिका ही कोंकणांतील एक लहान नदी आहे. तिच्या मुखाशीं चौलचें पुरातन बंदर असल्यामुळें व तिच्या खोऱ्यावर अवचितगड, सुरगड इत्यादि किल्ल्यांची नजर असल्यामुळें इतिहासाच्या अभ्यासकांस तिचें नांव अपरिचित नाहीं. कोंकणांतील नद्यांचा धर्म असा कीं, आषाढ-श्रावणांत दुथडी भरून वाहावें आणि होळी उलटतां उलटतां डोहाडोहांतून विसावावें. परंतु कुंडलिकेच्या वरच्या टप्प्यांत ऐन वैशाखांतही सकाळीं पाणी चढतें, कांहीं घटका तें वेगानें वाहतें, आणि मग पुन्हां उतरतें. या चढत्या पाण्यावर आज रबरी तराफे सोडले जातात. त्यांत बसून जलविहार करण्यासाठीं मुंबई-पुण्याकडील मंडळी येतात. आणि कोलाडच्या आसपासच्या गांवांतील अनेक तरुणांचा चरितार्थ त्यावर चालतो.

हें पाणी चढतें तें पावसानें नव्हे, तर वर विजेचीं यंत्रें फिरतात म्हणून. यास्तव येथें तीन प्रश्न उत्पन्न होतात. हें पाणी मूळचें कोणाचें? त्याची वेळ कोणी व कशासाठीं ठरविली? आणि त्या वेळेवर ज्यांनीं आपला संसार मांडला त्यांच्या हातीं हक्काचा म्हणून काय आधार आहे? जलविहारासारखा विषय संशोधनाच्या पत्रिकेंत कशाला, असें कोणास वाटेल. परंतु पाण्याच्या पाळीचे तंटे, त्यांचे निवाडे आणि वहिवाटीचें बलाबल हे आपल्या जुन्या दप्तरांतील नित्याचेच विषय होत. प्रस्तुत प्रकरण त्याच जातीचें आहे. फरक इतकाच कीं येथें पाटाच्या जागीं बोगदा आहे आणि पाटकऱ्याच्या जागीं विद्युद्गृह.

२. प्रथम पूर्वपीठिका पाहूं. नदीवरील क्रीडा ही आपल्या वाङ्मयास नवी नाहीं. महाकाव्यांत कोणते विषय असावेत हें सांगतांना दंडीनें उद्यानक्रीडेबरोबर सलिलक्रीडेचीही गणना केली आहे. आणि रघुवंशाच्या सोळाव्या सर्गांतील शरयूमधील कुशाची जलक्रीडा संस्कृतच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असतेच. परंतु क्रीडेसाठीं नदीचें पाणी अडविलें असतां दुसऱ्याच्या उपयोगास बाध येतो, हें दाखविणारी कथा रामायणाच्या उत्तरकांडांत आहे. माहिष्मतीचा राजा कार्तवीर्य अर्जुन नर्मदेंत आपल्या स्त्रियांसह क्रीडा करीत असतां त्यानें सहस्र बाहूंनीं प्रवाह रोधला. पाणी उलटें चढलें. आणि वरच्या बाजूस कांठावर शिवपूजेस बसलेल्या रावणाचीं पुष्पें वाहून गेलीं. पुढें जें युद्ध झालें त्याचें मूळ या एका अडविलेल्या प्रवाहांत आहे. कथा पौराणिक खरी; पण पाणी अडविणारा एक, त्याचा आनंद एक, आणि त्यापायीं नुकसान सोसणारा तिसराच, ही जी त्यांतील मांडणी आहे, ती आजही शिळी झालेली नाहीं.

शास्त्राच्या बाजूनें पाहतां कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या, म्हणजे धर्मस्थीय अधिकरणांत याविषयीं स्पष्ट नियम आहेत. खालीं मागाहून बांधलेल्या तळ्यानें वरच्या तळ्याखालील शेत बुडवूं नये; आणि वरच्यानें खालच्या तळ्याचें भरणारें पाणी रोखूं नये, मात्र खालचें तळें तीन वर्षें वापरांत नसेल तर गोष्ट वेगळी, असा त्यांतील एका विधानाचा आशय आहे. दुसरें विधान प्रस्तुत विषयाला अधिकच जवळचें आहे. सेतूंतून पाळी नसतां जो पाणी सोडील त्यास सहा पण दंड, आणि दुसऱ्याच्या पाळीचें पाणी जो प्रमादानें अडवील त्यासही तोच दंड. येथें दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पाणी अडविणें हा जसा अपराध, तसा अवेळीं सोडणें हाही अपराधच मानला आहे. आणि दोहोंचा दंड सारखा आहे. म्हणजे हक्काचा विषय केवळ पाण्याचें परिमाण नव्हे, तर पाण्याची वेळही होय, हें तत्त्व त्या ग्रंथकारास मान्य होतें.

आपल्याकडे खानदेश व बागलाण या भागांत पांझरा, मोसम इत्यादि नद्यांच्या बंधाऱ्यांवर जी फडपद्धति चालत आली, तींतही हेंच तत्त्व दिसतें. बंधाऱ्याचें पाणी पाटानें फडांत न्यावयाचें, कोणत्या फडांत कोणतें पीक हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें, आणि पाटकऱ्यानें क्रमानें प्रत्येकाची पाळी द्यावयाची. पाळी चुकली तर पीक गेलें. म्हणून पाळी हीच मिळकत. तळेगांवचा असो वा तळकोंकणचा, कोणताही शेतकरी हें सहज समजूं शकेल.

योगायोग असा कीं, अर्थशास्त्राचें ताडपत्र म्हैसूरच्या ग्रंथालयांत १९०५ सालीं पंडित शामशास्त्री यांच्या हातीं आलें आणि १९०९ सालीं तें छापून निघालें. पाळीचा हा जुना कायदा विद्वानांस पुन्हां उपलब्ध झाला त्याच सुमारास सह्याद्रीच्या माथ्यावर पाण्याची एक सर्वस्वी नवी पाळी आंखली जात होती. तिच्याकडे आतां वळूं.

३. सह्याद्रीच्या कड्यापासून अवघ्या कांहीं मैलांवर उगम पावून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या अडवाव्या, त्यांचें पाणी बोगद्यांतून व नळांतून पश्चिमेस कोंकणांत उतरवावें, आणि सुमारें पांचशें मीटरांच्या त्या उतारावर यंत्रें फिरवून मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरवावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांच्या हयातींत पुढें आली. ते १९०४ सालीं निवर्तले. पण १९१० सालीं त्या कामासाठीं कंपनी उभी राहिली, आणि लोणावळ्याच्या तलावांच्या पाण्यावर खोपोलीचें विद्युद्गृह १९१५ सालीं सुरू झालें. त्यापुढें आंध्रा नदीच्या पाण्यावर भिवपुरीचें विद्युद्गृह १९२२ सालीं, आणि मुळा व निळा यांच्या पाण्यावर भिऱ्याचें विद्युद्गृह १९२७ सालीं चालूं झालें. भिऱ्यास प्रारंभीं पांच यंत्रें होतीं; पुढें तेथील शक्ति १५० मेगावॅट झाली, आणि विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत १५० मेगावॅटचें आणखी एक यंत्र बसविण्यांत आलें, जें गरजेप्रमाणें खालचें पाणी पुन्हां वर मुळशीच्या तलावांत चढवूंही शकतें.

या योजनेचा भौगोलिक परिणाम विलक्षण आहे. मुळेचें पाणी स्वभावतः पुण्याच्या संगमावर मुठेस मिळावयाचें, तेथून भीमेस, पंढरपुरास चंद्रभागा म्हणवून घेऊन पुढें कृष्णेस, आणि अखेर पूर्व समुद्रास जावयाचें. धरणानें अडलेला तिचा भाग आतां कड्याखालीं उतरून कुंडलिकेंत पडतो आणि रेवदंड्यास पश्चिम समुद्राला मिळतो. त्याच रीतीनें खोपोलीचें पाणी पाताळगंगेंत व भिवपुरीचें उल्हास नदींत जातें. उन्हाळ्यांत आटणाऱ्या तीन नद्या अशा रीतीनें बारमाही झाल्या, आणि प्रत्येकीच्या कांठीं नवे हक्कदार उभे राहिले. उल्हासच्या पाण्यावर कल्याणकडील शहरें वसलीं, पाताळगंगेच्या पाण्यावर कारखाने आले. कुंडलिकेच्या वांट्यास काय आलें तें पुढें पाहूं. त्याआधीं वरच्या खोऱ्याचा जमाखर्च मांडला पाहिजे.

४. मुळशी पेट्यांतील सुमारें पन्नास गांवांवर या धरणाचें पाणी यावयाचें होतें. हें खोरें भाताचें. गांवकऱ्यांस प्रथम बातमी लागली ती सरकारी जाहिरनाम्यानें नव्हे, तर शेतांत खणल्या जाणाऱ्या चरांनीं. शके १८४३ च्या रामनवमीस, म्हणजे १६ एप्रिल १९२१ रोजीं, मावळे मंडळी धरणाच्या जागीं जाऊन बसलीं आणि मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. प्रारंभीं सहा महिने काम स्थगित ठेवण्याचें कबूल झालें. परंतु मुदत सरल्यावर तें पुन्हां सुरू झालें व चळवळीचा दुसरा टप्पा आला. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे अग्रणी होत. बापटांस सेनापति ही पदवी लोकांनीं दिली ती याच लढ्यांत. १९२४ च्या अखेरीस धरणाच्या कामावरील आगगाडी अडविल्याबद्दल त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली, आणि चळवळ मावळली. तीन वर्षांनीं भिऱ्याचीं यंत्रें फिरूं लागलीं.

प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनीं या लढ्याचा जो साधार इतिहास लिहिला आहे, त्यांतील एक गोष्ट प्रस्तुत विषयास फार महत्त्वाची आहे. खोऱ्यांतील पुष्कळ जमीन कागदोपत्रीं पुण्याच्या सावकारांच्या नांवें गेलेली होती, आणि कसणारे मावळे त्यांचीं कुळें झाले होते. सावकारांचें लक्ष मोबदल्याच्या रकमेकडे होतें. मावळ्यांस जमीन हवी होती. १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्यानें किंमत करावयाची ती जमिनीची, आणि द्यावयाची ती ज्याच्याजवळ कागद असेल त्यास. जो पिढ्यान् पिढ्या ती जमीन कसत आला, त्याची वहिवाट त्या हिशेबांत मोठीशी धरली गेली नाहीं. आणि नदीची किंमत तर कोणींच केली नाहीं. खालच्या गांवांस मुळेच्या प्रवाहाचा जो उपभोग होता, त्याबद्दल हिशेबाचें सदरच त्या कायद्यांत नव्हतें.

कागद असलेल्याचा हक्क शाबूत राहिला आणि वहिवाट असलेल्याचा बुडाला, हें या प्रकरणाचें सार आहे. तें ध्यानांत ठेवूनच आतां कड्याखालीं उतरलें पाहिजे.

५. भिऱ्याच्या यंत्रांतून सुटलेलें पाणी खालच्या लहान धरणांत सांठतें. तेथून तें रवाळज्याच्या विद्युद्गृहांत नेऊन पुन्हां एकवार त्यापासून वीज काढतात. हें दुसरें विद्युद्गृह शासनाचें असून त्याची शक्ति ८० मेगावॅट आहे. तेथून पाणी नदीच्या पात्रांत पडतें, कांहीं मैल मोकळें वाहतें, आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यापाशीं पुन्हां अडतें. त्या बंधाऱ्यावरून निघणारे कालवे रोहें व माणगांव या बाजूच्या शेतीस पाणी देतात, आणि धाटाव येथील कारखान्यांची व भोंवतालच्या वस्तीची गरजही या नदीवरच भागते.

रवाळजें व कोलाड यांमधील सुमारें बारा किलोमीटरांचा हा जो मोकळा टप्पा, त्यांत पात्रास उतार आहे, खडकांमुळें लहान-मोठे खळाळ आहेत, आणि दोन्ही कांठांस झाडी आहे. सकाळीं यंत्रें सुरू झालीं कीं पाणी कमरेवरून पुरुषभर होतें. या शतकाच्या पहिल्या दशकांत कांहीं धाडशी मंडळींच्या हें लक्षांत आलें, आणि हिमालयांतील नद्यांवर चालणारा तराफ्यांचा खेळ येथें सुरू झाला. हिमालयांत तो बर्फाच्या व पावसाच्या मानानें चालतो. येथें तो घड्याळाप्रमाणें चालतो. सकाळीं ठराविक सुमारास पाणी येणार हें माहीत असल्यामुळें माणसें त्या वेळीं कांठावर जमतात, तराफे पाण्याबरोबर निघतात, आणि पाणी उतरण्याच्या आंत टप्पा संपवितात.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पाणी सोडलें जातें तें वीज व कालवा यांच्या गरजेनें. तराफेवाला त्या वेळेचा स्वामी नसून केवळ तिचा लाभ घेणारा आहे. आपल्या जुन्या भाषेंत सांगावयाचें तर तो वतनदार नव्हे, उपरी होय. परंतु वीस वर्षें उपरी म्हणून राहिलेल्याचेंही घरदार उभें राहतेंच. सुकाणूवर बसणारे, वल्हीं मारणारे, दोर टाकून बुडत्यास ओढून काढणारे हे बहुतेक तरुण त्याच खोऱ्यांतले आहेत. त्यांनीं हें कौशल्य शिकण्यांत वर्षें घालविलीं आहेत, आणि तें सारें सकाळच्या त्या तीन-चार तासांवर उभें आहे.

६. या पाण्यावरील दावे आतां क्रमानें मांडूं. पहिला दावा पिण्याच्या पाण्याचा. त्याविषयीं वाद नाहीं. दुसरा कोंकणांतील शेतीचा. तिसरा विजेचा. चौथा जलविहाराचा. पांचवा दावा घाटाच्या पलीकडे आहे, आणि तो विसरला तर सारें प्रकरण अर्धवट राहील.

कृष्णेच्या पाण्याविषयीं राज्याराज्यांत जो तंटा झाला त्यासाठीं १९६९ सालीं न्यायमूर्ति बचावत यांच्या अध्यक्षतेखालीं लवाद नेमला गेला. त्याच्या १९७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अखेरच्या निर्णयांत टाटांच्या धरणांतून पश्चिमेस वळविण्याच्या पाण्यास मर्यादा घातली आहे: कोणत्याही एका वर्षांत ५४.५ अब्ज घनफुटांहून अधिक नाहीं, आणि लागोपाठच्या कोणत्याही पांच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफुटांहून अधिक नाहीं. म्हणजे सरासरीनें वर्षास सुमारें ४२.४ अब्ज घनफूट. जुन्या निवाडपत्रांच्या अभ्यासकांस यांत ओळखीची रीत दिसेल. पावसाचें एक वर्ष दुसऱ्यासारखें नसतें, म्हणून एका वर्षाची कमाल वेगळी व पांच वर्षांची बेरीज वेगळी. निवाडा शहाणपणाचा आहे. परंतु त्यांत किती हें सांगितलें आहे. केव्हां हें सांगितलेलें नाहीं. दिवसाच्या कोणत्या प्रहरीं पाणी उतरावें हा त्या लवादापुढील विषयच नव्हता.

भीमेच्या खोऱ्यांत अवर्षण पडलें कीं हें पश्चिमेस जाणारें पाणी पूर्वेस परत द्यावें अशी मागणी उठते. २०१५-१६ च्या दुष्काळांत ती जोरानें झाली, आणि पुढेंही होत राहिली आहे. सोलापूरच्या शेतकऱ्यास असें म्हणण्याचा नैसर्गिक अधिकार आहे, कारण पाणी मूळचें त्याच्या नदीचें आहे. कोंकणांतला रहिवासी म्हणतो कीं, शंभर वर्षांच्या वहिवाटीनें तें आमचें झालें. दोघांच्याही बोलण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा तंटा सोपा नाहीं.

७. विजेसाठीं बांधलेल्या नदीवर जलविहाराचा हक्क कसा ठरवावा याचें एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेंतील टेनेसी राज्यांत आहे. तेथें ओकोई नांवाच्या नदीवर १९१३ सालीं बांधलेल्या दुसऱ्या विद्युद्गृहाची रचना अशी कीं, नदीचें बहुतेक सर्व पाणी डोंगराच्या कडेनें साडेचार मैलांहून अधिक लांबीच्या एका लांकडी पाटांतून नेलें जाई, आणि मूळ पात्र कोरडें राही. १९७६ सालीं तो पाट जीर्ण झाल्यामुळें बंद करावा लागला, आणि साठांहून अधिक वर्षांनीं नदी आपल्या पात्रांत परतली. खडकाळ पात्रांतला तो वेगवान प्रवाह पाहून तराफेवाले आले. थोड्याच वर्षांत तेथें मोठा व्यवसाय उभा राहिला. इकडे सरकारी विद्युत्संस्था पाट दुरुस्त करीत होती. पाट पुरा झाला कीं नदी पुन्हां कोरडी पडणार हें उघड होतें.

तेव्हां तंटा तेथील राष्ट्रीय विधिमंडळापर्यंत गेला, आणि १९८३ सालीं त्याचा निकाल लागला तो असा: वर्षांतून ११६ दिवस ठराविक वेळीं पाणी पात्रांत सोडावें, त्यामुळें जी वीज बुडेल तिच्या भरपाईसाठीं संस्थेस ७४ लक्ष डॉलर द्यावे, आणि ती रक्कम तराफ्यांवर बसणाऱ्यांकडून माणशी शुल्क घेऊन हळूहळू फेडावी. ही व्यवस्था पस्तीस वर्षें चालली. त्याच नदीच्या वरच्या भागांत १९९६ च्या ऑलिंपिक सामन्यांतील होडीच्या शर्यती झाल्या. मुदत संपत आली तेव्हां २०१७ सालीं राज्यानें स्वतंत्र निधि उभारून पुढील सोय केली.

या निवाड्याचे तीन गुण सांगतां येतील. एक, पाण्याचे दिवस मोजून लिहिले. वहिवाटीवर सोडले नाहींत. दोन, बुडणाऱ्या विजेची किंमत काढून ती भरून दिली. म्हणजे विजेचा हक्क नाकारला नाहीं. तीन, भरपाईचा बोजा ज्यांस लाभ झाला त्यांच्यावरच टाकला. कौटिल्याच्या दंडनीतीपेक्षां ही रीत सौम्य आहे. परंतु वेळेला किंमत आहे हें तत्त्व दोन्हीकडे एकच.

ओकोई आणि मुळशी हीं दोन प्रकरणें शेजारीं ठेवून पाहिलीं तर मन खिन्न होतें. एकीकडे खेळाच्या तासांचाही हिशेब झाला. दुसरीकडे पन्नास गांवांच्या वहिवाटीचा झाला नाहीं. याचें कारण टेनेसीचे लोक अधिक न्यायी होते असें नव्हे. ओकोईच्या त्याच विद्युत्संस्थेनें इतर नद्यांवर धरणें बांधतांना हजारों कुटुंबें उठविलीं आहेत. कारण इतकेंच कीं तेथील तराफेवाल्यांनीं पाट पुरा होण्याच्या आंत आपला दावा लेखी करून घेतला.

८. कुंडलिकेवरील तराफेवाल्यांस हें लागू पडतें, कारण त्यांच्या वेळेवर दोन बाजूंनीं संकट येऊं शकतें. पहिलें संकट दिशेचें: पाणी पूर्वेस वळलें तर सकाळची पाळी आंखडेल किंवा बंद पडेल. दुसरें संकट प्रहराचें, आणि तें अधिक जवळचें आहे. अलीकडे सूर्यप्रकाशापासून होणारी वीज झपाट्यानें वाढत असून ती दिवसा मुबलक मिळूं लागली आहे. तुटवडा भासतो तो सूर्यास्तानंतर. जलविद्युतेचा मोठा गुण असा कीं ती हवी तेव्हां कांहीं मिनिटांत सुरू करतां येते. तेव्हां पाणी दिवसा राखून संध्याकाळीं सोडावें हा हिशेब विजेच्या दृष्टीनें सरळ आहे. तो अमलांत आला तर कुंडलिकेचें पाणी घनफुटांच्या मापानें तितकेंच राहील, लवादाच्या निर्णयास यत्किंचित् बाध येणार नाहीं, डोलवहाळचा बंधाराही भरेल. आणि तराफे मात्र कांठावर पडून राहतील, कारण काळोखांत खळाळांतून माणसें नेतां येत नाहींत.

याशिवाय पाण्याची वेळ बदलली कीं तराफेवाल्यांखेरीज इतरांसही धोका संभवतो. नदींत धुणें धुणाऱ्या बायका, गुरें पाजणारीं मुलें, मासे धरणारे कातकरी या सर्वांस पाणी केव्हां चढतें हें अनुभवानें ठाऊक झालेलें असतें. ती वेळ सूचना न देतां बदलणें म्हणजे पाळी नसतां सेतु फोडण्यासारखेंच होय.

९. आतां दोन आक्षेपांचा विचार करूं. पहिला असा कीं, जलविहार ही रिकामटेकड्यांची चैन. तिला तहान व शेती यांच्या पंक्तीस बसवूं नये. हें खरें आहे, आणि तशी मागणीही येथें नाहीं. परंतु तराफ्यानें पाणी खर्च होत नाहीं. तराफा पुढें गेल्यावर तेंच पाणी डोलवहाळास पोंचतें, कालव्यांत जातें, भात पिकवितें. झगडा पाण्याच्या परिमाणाचा नसून केवळ प्रहराचा आहे. आणि जेथें मागणाऱ्याला दुसऱ्याच्या घागरींतील थेंबही नको असतो, तेथें तडजोड दुष्कर नसावी. आपल्याकडे तीर्थस्नानासाठीं धरणाचें पाणी सोडण्याची रीत आहेच. आषाढी वारीच्या वेळीं चंद्रभागेस पाणी असावें म्हणून उजनीतून तें सोडलें जातें. आणि २०१५ च्या सिंहस्थांत गोदावरींतील शाही स्नानाच्या पाण्याचा प्रश्न मुंबईच्या उच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां पिण्याच्या पाण्याचें अग्रस्थान पुन्हां अधोरेखित झालें. स्नान हें क्रीडेहून श्रेष्ठ आहे हें मान्य करूनही, नदींत केवळ पाणी वाहतें असावें एवढीच ज्यांची मागणी, असे उपयोग आपल्या व्यवस्थेस अपरिचित नाहींत एवढें यावरून सिद्ध होतें.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. जें पाणी मुळेच्या खोऱ्यांतील लोकांस बुडवून आणलें, त्यावर कोंकणांत नवा हक्क लिहून देणें म्हणजे अन्यायावर शिक्कामोर्तब करणें नव्हे काय? या आक्षेपास आमचें उत्तर असें कीं, हक्क लिहावाच, पण त्याचा क्रम लिहून. कागदांत पिणें प्रथम, शेती नंतर, मग वीज, आणि त्याखालीं विहार, असा अनुक्रम स्पष्ट असावा. भीमेच्या खोऱ्याचा निकाल पुढें कसाही लागला तरी त्यास हा कागद आड येणार नाहीं अशी अट असावी. आणि विहाराच्या शुल्कांतील कांहीं अंश धरणाकांठीं उरलेल्या मावळच्या वाड्या-वस्त्यांस मिळावा. ओकोईवर लाभार्थ्यानें वीज बुडालेल्यास भरून दिलें. येथें जमीन बुडालेल्याच्या वंशजांस कांहीं परत मिळालें तर तें अधिक न्यायाचें होईल. वर्षांतील किती दिवस व कोणत्या वेळीं पाणी निश्चित येईल याचें पत्रक आगाऊ प्रसिद्ध व्हावें, वेळ बदलावयाची तर मुदत देऊन बदलावी, आणि पाणी सुटण्यापूर्वीं भोंगा वाजावा. यांतील एकही गोष्ट यंत्रशास्त्राला अवघड नाहीं.

१०. शेवटीं संग्राहकांस एक विनंती. मुळशीच्या लढ्यांतील पत्रकें, जाहीरनामे, अटकेच्या नोटिसा, गांवकऱ्यांचे अर्ज, मोबदल्याच्या पावत्या आणि बुडालेल्या गांवांचीं हक्काचीं जुनीं पत्रें अजूनही पौड, ताम्हिणी व पुणें येथील घरांत पडून असतील तर तीं मिळविण्याचा काळ हाच आहे. त्या पिढीचीं नातवंडेंही आतां वृद्ध झालीं आहेत. तसेंच कुंडलिकेच्या कांठीं पाणी केव्हां सुटलें, किती वेळ टिकलें, कोणत्या दिवशीं आलें नाहीं, याच्या नोंदी तराफे चालविणाऱ्यांच्या वह्यांत असतात. कित्ता वळणाच्या मोडी पत्रांपुढें या शाईपेनाच्या वह्या क्षुद्र वाटतील. परंतु पाळीचा तंटा उद्यां उभा राहिला तर वहिवाट शाबीत करणारा कागद तोच ठरणार आहे. पूर्वीं गोतानें महजर करतांना म्हाताऱ्यांची साक्ष घेतली जाई, कारण पाणी कोणत्या प्रहरीं कोणाकडे जात असे हें त्यांसच ठाऊक असे. मुळशीच्या वेळीं ती साक्ष कोणीं लिहून ठेवली नाहीं, आणि त्याचें फळ मावळ्यांनीं भोगलें. कुंडलिकेच्या बाबतींत साक्षीदार हयात आहेत, वह्या हयात आहेत, आणि पाणीही अद्याप सकाळींच येत आहे. तें तसें येत आहे तोंवर त्याची टांचणी करून ठेवावी, एवढेंच सांगून हा लेख पुरा करतों.